दिसतंय छान, पण डोळा खुपतोय

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस सरला की ठाण्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांची एकच तक्रार सुरू होते. "दिसतंय अगदी स्वच्छ, पण आत कण गेल्यासारखं खुपतंय." घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ, रिक्षात समोरून येणारा वारा, घरी आलं की पाचावर सोडलेला पंखा. त्रास वाढायला एवढं पुरे. पण धूळ-वारा हे निमित्त झालं, मूळ कारण दुसरीकडेच आहे: ऑपरेशननंतर डोळ्याला आलेला कोरडेपणा.

बिनटाक्याच्या ऑपरेशनमध्ये कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या, कडेला साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरचा छेद घेतात. छेद छोटा असला तरी कॉर्नियात मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि त्यातले काही धागे कापले जातातच. तिथली संवेदना मंदावली की डोळा सुकल्याचा निरोप मेंदूकडे नीट पोचत नाही. मग पापणी कमी वेळा मिटते आणि अश्रूही कमी सुटतात. शिवाय ऑपरेशनच्या आधी जंतू मारायला पोव्हिडोन आयोडीन घातलेलं असतं, पापण्या चिमट्याने ताणून धरलेल्या असतात, वरून मायक्रोस्कोपचा प्रखर उजेड असतो. डोळ्याचा पृष्ठभाग या सगळ्याने दुखावतो. मज्जातंतू परत वाढायला काही आठवडे, पुष्कळदा तीन महिने लागतात. म्हणून पहिल्या महिन्यात त्रास जास्त आणि पुढे हळूहळू कमी, असाच बहुतेकांचा आलेख असतो. मधुमेह असेल तर आणखी वेळ धरून चाला.

लेन्स बिघडली, लेन्स सरकली, डॉक्टरांनी काहीतरी आत ठेवलं, अशा शंका घेऊन लोक येतात. लेन्स बसते बुबुळाच्या मागे, ती खुपत नाही. खुपतो तो पृष्ठभाग.

लोकांच्या गळी उतरत नाही ती गोष्ट म्हणजे कोरड्या डोळ्यातून पाणी येतं. "रुमाल भिजतोय आणि तुम्ही कोरडेपणा म्हणता?" असं काका-काकू अगदी रागावून विचारतात. अश्रूंचा थर पाणी, चिकट द्रव आणि वर सायीसारखं पातळ तेल असा बनलेला असतो. तेल कमी पडलं की पाणी उडून जातं, डोळा चुरचुरतो आणि चुरचुरल्यावर अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. ते नुसतं पाणी गालावरून ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. फ्लुओरेसिन या रंगाची कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवायची, दोन-तीनदा डोळा मिटायला सांगायचं आणि मग "आता उघडाच ठेवा". निळ्या उजेडात डोळ्यावर हिरवा थर एकसारखा पसरलेला दिसतो. मनात आकडे मोजत राहायचं. मग त्या हिरव्यात कुठेतरी, बहुधा खालच्या बाजूला, एक काळा ठिपका उमटतो आणि बघता बघता त्याची चीर होते. तिथे थर फाटला. १० सेकंदांच्या आत फाटला तर थर कच्चा, ५ च्या आत फाटला तर डोळा चांगलाच कोरडा. शिर्मरची कागदी पट्टी ५ मिनिटं लावून ती ५ मिलिमीटरही भिजली नाही तर मुळात अश्रूच कमी आहेत. घरच्या घरी एवढंच पाहा: अंधुक झालेलं अक्षर पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ होत असेल तर दोष अश्रूंच्या थराचा. मिटूनही अंधुकच राहत असेल तर कोरडेपणा म्हणून सोडून देऊ नका, दाखवून घ्या. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) सूज आली तरी नजर अशीच धूसर होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज थेंबांबद्दल. औषधाची निवड लोक समजतात तितकी निर्णायक नसते. बिघडतं ते बहुतेक वेळा थेंब घालण्यात.

ऑपरेशननंतर साधारणपणे अँटिबायोटिक, स्टिरॉइड आणि बऱ्याच जणांना सूज उतरवणारा नेपाफेनॅकसारखा थेंब देतात. यातल्या अनेक बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणाचं रसायन (प्रिझर्व्हेटिव्ह) असतं. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून ते लागतं, पण दिवसातून आठ-दहा थेंब पडायला लागले की तेच रसायन कोरड्या पृष्ठभागाला सोलतं. म्हणजे बरं करणाऱ्या औषधानेच थोडी जळजळ वाढते. म्हणून काय औषध बंद करायचं? मुळीच नाही. स्टिरॉइड बहुतेकांना दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत, चार ते सहा आठवड्यांत थांबवतात. दवाखान्याने दिलेल्या तुमच्या कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. अचानक सोडलं तर सूज उलटते. बरं वाटतं म्हणून मनाने लांबवलं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, आणि ते वाढताना पुष्कळदा काहीच कळत नाही. नेपाफेनॅक तर कोरड्या डोळ्यात ठरल्यापेक्षा जास्त दिवस घालूच नये, क्वचित कॉर्निया विरघळण्यापर्यंत मजल जाते.

कोरडेपणासाठी वेगळे थेंब: कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज ०.५ किंवा १ टक्का, नाहीतर सोडियम हायल्युरोनेट ०.१ किंवा ०.१८ टक्का. ०.५ पातळ, दिवसा घालायला बरा. १ टक्का घट्ट, घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं. जेल झोपताना. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावं लागत असेल तर टिकाऊ रसायन नसलेलंच मागा. ते सुट्या छोट्या नळ्यांत मिळतं किंवा झडप असलेल्या खास बाटलीत. झडपेची बाटली जोरात दाबावी लागते आणि थेंब उशिरा सुटतो. बाटली खराब निघाली म्हणून लोक ती दुकानात परत नेतात, हे नेहमीचंच. नळी मात्र एकदा फोडली की कंपनीने लिहिलेल्या मुदतीत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. "एवढं महागाचं, उद्या वापरू" हा हिशेब इथे चालत नाही. २०२३ साली अमेरिकेत टिकाऊ रसायन नसलेले, भारतात बनलेले कृत्रिम अश्रू जंतुदोषामुळे परत मागवावे लागले होते. काहींची नजर गेली, काहींचा जीव गेला. साधी बाटलीही उघडल्यापासून साधारण महिनाभरच. उघडल्याची तारीख पेनाने लेबलवर लिहून ठेवा.

आता घालायचं कसं. हात साबणाने धुवा. बाटलीवर "शेक वेल" असेल, जसं प्रेडनिसोलोनच्या पांढऱ्या थेंबावर असतं, तर नीट हलवा. औषध तळाशी बसलेलं असतं, न हलवता घातलं तर वरचं नुसतं पाणी पडतं. मान मागे किंवा सरळ पलंगावर आडवं. खालची पापणी तर्जनीने गालाच्या हाडावर धरून खाली ओढा, डोळ्यावर दाब नको. जो खिसा तयार होतो त्यात एक थेंब. बाटलीचं तोंड पापणीच्या केसाला लागलं की पुढचा महिनाभर ते जंतू तुम्ही रोज डोळ्यात घालणार. मग डोळा अलगद मिटायचा, पिळायचा नाही, आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट हलकं टेकवून एक-दोन मिनिटं थांबायचं, म्हणजे औषध नाकातून घशात उतरत नाही. पहिल्या आठवड्यात छेद ताजा असतो, तेव्हा हे बोट टेकवणं डॉक्टरांना विचारूनच.

एकच थेंब का? पापणीच्या आत फार तर ३० मायक्रोलिटर मावतं आणि एक थेंब असतो ५० च्या आसपास. दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. म्हणूनच दोन औषधांत ५ मिनिटांचं अंतर, आणि जेल किंवा मलम सगळ्यांत शेवटी, १० मिनिटांनी. साध्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब बसतात. ५ मिलिलिटरची बाटली एका डोळ्यात दिवसातून ४ वेळा घातली तर २५ दिवस पुरायला हवी. दहा दिवसांत संपत असेल तर निम्म्याहून जास्त औषध गालावर चाललंय.

आजींना थेंब पडला की नाही हे कळतच नाही, अशी तक्रार सुनांची असते. कोरडेपणाचा थेंब फ्रीजच्या दारात ठेवा, गार लागला की कळतो. फ्रीझरमध्ये नको.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या पहाटे अभ्यंगस्नान. नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी तेल, उटणं आणि डोक्यावरून पाणी या तिन्हींना यंदा सुट्टी द्यावी. मानेखालून खुशाल आंघोळ करा. केस धुवायचेच असतील तर सलूनमध्ये धुतात तसे, मान मागे टाकून, दुसऱ्या कोणाकडून. किती दिवस, ते कार्डावर लिहिलेलं असतं. डोळा नळाच्या पाण्याने धुवायचा नाही. चिपडं आली तर कापूस पाण्यात १० मिनिटं उकळून, गार करून, पिळून, नाकाकडून कानाकडे पापण्या पुसायच्या, प्रत्येक वेळी नवा बोळा. गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल, काजळ यांपैकी काहीही नको, शेजारच्या मावशींना कितीही गुण आलेला असो.

पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतील तर सोसवेल इतका कोमट शेक ५ ते १० मिनिटं दिल्याने फार फरक पडतो. पण तो छेद भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. ऑपरेशनच्या आधीच हे करून घेतलं असतं तर बरं, असं कितीदा म्हणावं लागतं!

चकल्या तळताना कढईवर वाकू नका. फटाक्यांच्या धुरात बाहेर पडायचं तर बाजूंनी बंद असलेला चष्मा. रिक्षात मधोमध बसा. पंखा अंगावर असू दे, तोंडावर नको, एसीची झडप दुसरीकडे वळवा. मोबाइलवर दिवाळीचे मेसेज वाचताना पापण्या एरवीच्या निम्म्यानेही मिटत नाहीत, दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीबाहेर लांब बघा आणि पापणीला पापणी पूर्ण टेकवून मिटा. सर्दीच्या काही गोळ्यांनी डोळा आणखी सुकतो. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर खर्च करू नये असं माझं मत. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कोरड्या डोळ्यांना त्यांचा ऑलिव्ह तेलापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

सुट्टी आहे म्हणून थांबायचं नाही अशा गोष्टी: दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, नजर उतरणं, लाली गडद होणं, पापणी सुजणं, पू. पहिल्या आठवड्यात हे दिसलं तर आतला जंतुसंसर्ग असू शकतो आणि तिथे तास मोजले जातात. कपाळ ठणकून मळमळणं हे प्रेशर वाढल्याचं लक्षण. विजा चमकणं, काळ्या ठिपक्यांचा एकाएकी पाऊस, कडेने पडदा सरकल्यासारखं दिसणं हे पडद्याचं दुखणं. लक्ष्मीपूजन असो वा भाऊबीज, त्याच दिवशी दवाखाना. घरी थेंब वाढवत बसू नका.

चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्याने काढतात. डोळा कोरडा असेल तर तोही हलतो, चष्मा बदलून बदलून लोक वैतागतात. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेताना तर हे आणखी महत्त्वाचं. लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या गोलाईवरून निघतो, आणि कोरड्या डोळ्यावर मशीन एकदा एक आकडा देतं, पाच मिनिटांनी दुसरा. म्हणून आधी दोन-चार आठवडे थेंब आणि पापण्यांची निगा, मग माप. मापाच्या दिवशी सकाळी जेल घालू नका, आणि घातलंच असेल तर मशीनसमोर बसण्याआधी सांगा.