पोर्तोमारीनचं आकडे घातलेलं चर्च

स्पेनमधल्या सान्तियागो कॅथेड्रलकडे जाणाऱ्या पायी यात्रेच्या वाटेवर सारिया ते पोर्तोमारीन हे 22 किलोमीटर तसे सोपे. जीव काढतो तो शेवटचा उतार. कुरकुरते गुडघे घेऊन मिन्यो नदीचा पूल ओलांडला, तर गावात शिरायला समोर उभा दगडी जिना! तो जुन्या पुलाच्या एका कमानीवर चढवलाय. बहुतेक यात्रेकरू वर पोचले की यात्रेच्या वहीत मुक्कामाचा शिक्का घेतात आणि आडवे होतात. मी सामान टाकून चर्चकडे गेले.

लांबून ते चर्च वाटतच नाही. चार कोपऱ्यांना बुरूज, माथ्यावर तटावर असतात तशा चर्या, भिंती सरळसोट. सेंट जॉनच्या पंथाच्या लढवय्या साधूंनी ते बाराव्या शतकाच्या अखेरीला आणि तेराव्याच्या सुरुवातीला बांधलं. हे ठाणं नाक्याचं. सान्तियागोची वाट इथल्या पुलावरूनच जाते, आणि तो पूल बाराव्या शतकात, लेओनची राणी उर्राका हिच्या काळातल्या लढायांत एकदा तोडलाही गेला होता. पेद्रो पेरेग्रीनो नावाच्या माणसाने तो पुन्हा उभारला.

आत एकच लांब दालन, वर अर्धगोल दगडी छत. पश्चिमेला भलंमोठं चक्राकार गवाक्ष, त्याखाली दाराच्या कमानीत येशूभोवती बायबलातले 24 वडीलधारे, हातात वाद्यं घेऊन. या वाटेवर ना दिंडी ना टाळ-मृदंग. जे काही वाजतंय ते दगडात. हे काम मातेओच्या परंपरेतलं मानतात. मातेओ म्हणजे सान्तियागोच्या कॅथेड्रलचं 1188 सालचं द्वार घडवणारा.

पण मी रेंगाळले ती बाहेरच्या भिंतीपाशी. दगडांवर आकडे आहेत! 1960च्या सुमारास बेलेसार धरणाच्या पाण्यात नदीकाठचं जुनं गाव बुडणार म्हणून चर्च उतरवलं, दगडादगडाला क्रमांक दिला आणि टेकडीवर जसंच्या तसं रचलं. ते आकडे पुसायला हवे होते असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं, ते पाहिलेल्या माणसाला या आकड्यांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

जुन्या गावातल्या सान पेद्रो या दुसऱ्या चर्चचं 1182 सालचं दारही असंच वर आणलंय. साध्या माणसांच्या घरांच्या दगडांवर मात्र कुणी आकडे घातले नाहीत. पाणी ओसरलं की त्यांच्या भिंती खाली पुलावरून दिसतात.