निळ्या झाकणाची ट्यूब

रक्ताच्या रिपोर्टसाठी पाचव्या दिवशी कलेक्शन सेंटरला फोन मीच केला. "हो मॅडम, ते सॅम्पल रिजेक्ट झालंय. क्वांटिटी कमी होती, परत द्यायला लागेल." मग कळवलं का नाही? "मेसेज जातो ना ऑटोमॅटिक." त्या पाच दिवसांत त्यांचा एकच मेसेज आला होता, फुल बॉडी चेकअपवर सूट असल्याचा.

मुलगी आता अकरा महिन्यांची आहे, धरून उभी राहते, बाकीचं बरंचसं विसरायला झालंय. पण बाजारात त्या कलेक्शन सेंटरची पाटी दिसली की अजून डोकं सणकतं. म्हणून लिहून टाकते.

आम्ही वाईला राहतो. दोन वर्षांत तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा दहा आठवड्यांच्या आत गर्भपात झाला. सोनोग्राफी, थायरॉइड, दोघांचे गुणसूत्रांचे रिपोर्ट, सगळं नॉर्मल. पुण्यातल्या डॉक्टरांनी मग अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीच्या टेस्ट लिहून दिल्या. या अँटिबॉडींमुळे होणाऱ्या आजाराला एपीएस, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी तो मांडला. आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा पेशींच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थाला चिकटणाऱ्या प्रथिनांवर उठते. त्यामुळे बाळाची वार (प्लॅसेंटा) नीट रुजत नाही, तिच्यात बारीक गुठळ्याही होऊ शकतात. डॉक्टरांनी हे सासूबाईंना कागदावर चित्र काढून समजावलं. पपई आणि जिन्याचा विषय घरात त्या दिवसापासून बंद झाला.

टेस्ट तीन असतात: लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही, किमान १२ आठवड्यांनी पुन्हा यावी लागते, कारण एखाद्या तापानंतरही या अँटिबॉडी काही दिवस चढून उतरतात. माझी फक्त लुपस पॉझिटिव्ह आली, ३ मार्चला. ती पहिली टेस्ट पुण्यातच दिली होती. कॅलेंडरवर २६ मेभोवती गोल काढला. ८४ दिवस. वय चौतिसावं. तेही गेले कसेबसे.

दुसऱ्यांदा कशाला घाट चढून जायचं, गावात सेंटर आहे की, हा शहाणपणा माझाच.

२६ मेला सेंटरमधल्या मुलाने फिक्या निळ्या झाकणाची ट्यूब काढली. तिच्यात आधीपासून थोडं सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण असतं. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, म्हणून ट्यूबवर रेघ असते आणि रक्त तिथपर्यंत यावंच लागतं. त्याने रेघेच्या बोटभर खाली सुई काढली. मी विचारलं तर म्हणाला, "चालतं ताई." ते चाललं नाही, हे कळायला पाच दिवस गेले.

दुसऱ्यांदा मी त्याच्या हाताकडे बघत बसले. रेघेपर्यंत भरून घेतली, हळूहळू उलटीसुलटी करायला लावली. ट्यूब तशीच आइसबॉक्समध्ये गेली. संध्याकाळच्या गाडीने मुंबईला जाते म्हणाला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

नवऱ्याने पेढे आणले. मी एक खाल्ला आणि मग रडत बसले, कारण निगेटिव्ह म्हणजे पुन्हा 'कारण सापडत नाही'.

डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "रक्त फिरवलं कुठे?" म्हणजे सेंट्रिफ्यूज. साधारण चार तासांच्या आत, आणि तेही दोनदा, रक्त फिरवून प्लाझ्मातून, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातून, प्लेटलेट जवळजवळ काढून टाकाव्या लागतात. त्या राहिल्या तर त्यांच्याच आवरणातलं फॉस्फोलिपिड अँटिबॉडीला अडकवून ठेवतं आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. माझी ट्यूब रात्रभर गाडीत होती. हे कलेक्शन सेंटरला माहीत नसावं? पैसे मात्र दोन्ही वेळा रोख घेतले.

तिसऱ्यांदा पहाटेची एसटी धरून स्वारगेट, तिथून थेट मुख्य लॅब. रक्त घेणाऱ्या सिस्टरने काचेपलीकडचं मशीन दाखवलं, त्यात माझी ट्यूब फिरताना मी पाहिली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आजार पक्का झाला म्हणून आनंद झालेली मी एकटीच असेन.

या टेस्टच्या एका प्रकारात चक्क घोणसाचं विष वापरतात. विष घातल्यावर प्लाझ्मा किती सेकंदांत गोठतो ते मोजायचं, अँटिबॉडी असली तर वेळ लांबतो. गंमत अशी की ट्यूबमध्ये गोठायला उशीर आणि अंगात मात्र उलट गुठळ्या. टेस्टच्या नावात लुपस असलं तरी मला लुपस हा आजार नाही. घोणसाच्या विषाचं सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढे पैसे दिले? आपल्या बांधावर फुकट मिळाली असती."

पुढचं सरळ पार पडलं. अ‍ॅस्पिरिन ७५ आणि दिवस राहिल्याचं कळल्यापासून रोज एनॉक्सापॅरिन ४० चं इंजेक्शन पोटावर. हे हेपरिनच्याच जातीचं, गुठळ्या होऊ न देणारं औषध, ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. तयार भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो आणि टोचल्यावर चोळायचं नाही. मी चोळलं, पोटावर पेरूएवढा काळानिळा डाग आला. बाळंतपणानंतरही सहा आठवडे टोचलं. रिकाम्या सिरिंजचा डबा दवाखान्यात नेऊन द्या, घंटागाडीत टाकू नका.

जुने रिपोर्ट फेकू नका. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा माझी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट, किंचित रिअ‍ॅक्टिव्ह आली होती. काउंटरवरच्या माणसाने आम्हा दोघांकडे ज्या नजरेने बघितलं ती विसरणार नाही. पुढची टीपीएचए, त्याच रोगाची खात्रीची टेस्ट, निगेटिव्ह आली आणि विषय संपला. पण व्हीडीआरएलमध्ये कार्डिओलिपिन हे फॉस्फोलिपिडच वापरतात, एपीएसमध्ये ती अशी फसवू शकते. तो कागद दोन वर्षं आमच्या फाइलमध्ये पडून होता.

मधेच एका ठिकाणी नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी मला टोचायचा महागडा उपचार सुचवला होता. आमच्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली, आम्ही उठून आलो.

आणि हो, हेपरिन सुरू झाल्यावर लुपसची टेस्ट करायची वेळ आली तर लॅबला आधी सांगा, रिपोर्ट चुकू शकतो. माझ्या मावसबहिणीने सांगितलं नाही, आता तिला पुन्हा द्यायचीय. मी तिला पुण्याचा पत्ता पाठवलाय आणि निळ्या ट्यूबचा फोटो, रेघेवर बाण काढून.