काळी माती, तांबडी माती आणि व्हॅनभर टोटेम

बागेत उभे करायचे सिरॅमिकचे टोटेम बनवणं हा माझा धंदा. गोळे, चकत्या, घंटा, नक्षीच्या नळ्या असे मधोमध भोक ठेवलेले भाग घडवायचे आणि एका सळईवर एकावर एक ओवायचे. भट्टी अटलांटाजवळ, घराच्या गॅरेजमध्ये. गिऱ्हाईक मात्र बहुतेक खेड्यांतलं: जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी. क्राफ्टच्या मेळ्यांत लोक हौसेने ऑर्डर देतात, पण पाच फुटी टोटेम त्यांच्या अंगणात पोचवायचं कसं? कुरिअर करून पाहिलं. खोक्यातून ठिकऱ्या पोचल्या आणि भरपाईच्या अर्जावर ‘पॅकिंग अपुरे’ असा शेरा आला. तेव्हापासून ऑर्डरी साठवून ऑक्टोबरात स्वतःच व्हॅन काढते. उन्हाळ्याचा घामटा संपलेला असतो, जमीन कोरडी असते, आणि लोक बागेत रमायला लागलेले असतात. गेल्या वर्षीच्या, म्हणजे 2025 च्या फेरीचं लिहिते. इकडे मातीकाम करणारं कुणी मराठी असेल तर उपयोगी पडेल.

माल भरायचा तो उलट्या क्रमाने, शेवटी उतरवायचं ते आधी आत. प्रत्येक भाग सुटा, जुन्या गोधडीत गुंडाळून प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. मधल्या फटींत पोहण्याच्या तलावातल्या त्या फोमच्या लांब नळ्या कापून कोंबते. बबलरॅपपेक्षा स्वस्त पडतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. जड क्रेट मागच्या चाकांच्या आसावर. सळया व्हॅनच्या तळाशी, पट्ट्याने बांधून, नाहीतर पहिल्याच जोरदार ब्रेकला त्या पुढच्या सीटवर येतात.

निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन. 811 वर कळवलंत का? या देशात जमिनीत काही ठोकायचं तर आधी तिथे कळवावं लागतं. मग माणसं येऊन गॅस, वीज, पाणी यांच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात. फुकट असतं, पण काही दिवस लागतात. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: सेप्टिक टँक कुठे आहे? खेड्यात गटारलाइन नसते. सांडपाणी जिरवणारे पाइप अंगणातच पुरलेले असतात, आणि गवत सगळ्यात हिरवंगार तिथेच असतं. त्यामुळे दर दुसऱ्या बाईला टोटेम नेमकं तिथेच हवं असतं.

पहिली उतरणी वॉर्म स्प्रिंग्जच्या अलीकडे, तांबड्या मातीत. या मातीची इथे सगळे तक्रार करतात, कपड्यांवरचा डाग निघत नाही म्हणून. मला ती आवडते. ती मुख्यतः केओलिन गटातली, म्हणजे आपण जिला चिनी माती म्हणतो तिच्याच नात्यातली. लोहामुळे तांबडी झालेली. पाणी प्यायली तरी फार फुगत नाही, वाळली तरी फार आकसत नाही. ऑक्टोबरात सळई आत जाताना जीव काढते, पण एकदा गेली की हलत नाही. कुंपणाचे लोखंडी खांब ठोकायला मिळते ती एका टोकाने बंद असलेली जड नळी मी वापरते. ती सळईवर घालायची आणि वर-खाली आदळायची. घणाचा घाव चुकून बोटावर बसतो तसं होत नाही. मग सळई सरळ आहे का ते बघायला बुडबुड्याची लेव्हल लावायची, दोन बाजूंनी, काटकोनात. मग भाग ओवायचे, दर दोन भागांमध्ये रबराचा वॉशर. वॉशर नसेल तर वाऱ्याने भाग एकमेकांवर घासून काचेचा लेप खरवडला जातो. माल मी साधारण 1220 अंश सेल्सिअसला भाजते. कमी आचेवर भाजलेल्या लाल मातीत पाणी मुरतं आणि उत्तर जॉर्जियातल्या थंडीत ते गोठून तिचे पापुद्रे निघतात.

तिथून वाट वाकडी करून ब्युना व्हिस्टाजवळ पासाक्वान पाहिलं. एडी ओवेन्स मार्टिन नावाच्या माणसाने आईच्या शेतघराभोवती सिमेंटच्या भिंती, चेहरे, चक्रं उभारून भडक रंगांत रंगवली. 1986 साली तो गेला. पुढे कोहलर फाउंडेशनने जागा दुरुस्त केली आणि आता कोलंबस स्टेट युनिव्हर्सिटी ती सांभाळते. मी मात्र भिंतीच्या बुडाशी वाकून पाया कसा आहे तेच बघत बसले.

कोलंबसला नदी ओलांडली की अलाबामा, आणि घड्याळ एक तास मागे. निदान कागदावर. नदीपलीकडच्या फिनिक्स सिटीत लोक जॉर्जियाचीच वेळ पाळतात, कारण पोटापाणी नदीच्या अलीकडे. त्या भागातल्या गिऱ्हाइकाला ‘दहाला येते’ म्हणून भागत नाही, ‘तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात दहाला’ असं सांगावं लागतं.

पुढे हायवे 80 धरून टस्कीगी, माँटगोमेरी, सेल्मा. माँटगोमेरीच्या पुढे रस्त्याकडेची जमीन बदलायला लागते. मी परभणीची, काळ्या रानात वाढलेली. सेल्माच्या पुढे एका अंगणात हातभर खोल भेगा पाहिल्या आणि गाडीतून उतरायच्या आधीच कळलं की इथे तांबड्या मातीतली रीत चालणार नाही. या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. खाली खडूचा थर आणि त्यावर कापूस पिकवणारी काळी, चिकट जमीन. आपल्या रेगूरप्रमाणेच हिच्यात स्मेक्टाइट गटातली माती असते. पत्त्यांच्या कॅटात पान सरकवावं तसं पाणी तिच्या थराथरांत शिरतं आणि ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. अशा जमिनीत ठोकलेली सळई वर्षभरात कलते.

त्या अंगणाच्या मालकीण आजीबाईंच्या शेजाऱ्याने सल्ला दिला: बादलीभर काँक्रीट ओता. काँक्रीटला मी तिथे हात लावत नाही. काँक्रीटचा छोटा गोळा फुगणाऱ्या मातीबरोबर वर उचलला जातो आणि टोटेमलाही घेऊन जातो. माझा इलाज साधा: टोटेम बुटकं ठेवायचं, आणि जमिनीवर जेवढी सळई तेवढीच जमिनीत. भेग दिसते तिथे ठोकायचं नाही, झाडाजवळ तर नाहीच. मुळं पाणी ओढून माती आणखी आकसवतात. आजीबाई शेवटपर्यंत खुर्ची टाकून बसून होत्या. इथे वयाने मोठ्या बाईला पहिल्या नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात, लग्न झालेलं असो वा नसो. नुसतं नाव घेतलं तर तोंडावर काही म्हणणार नाहीत, पण चहा मिळणार नाही. मला बर्फ घातलेला गोड चहा दोनदा मिळाला.

ठोकताना लाल मुंग्यांचं वारूळ फुटलं तर मात्र चहा-बिहा सोडून पळायचं. या मुंग्या दक्षिण अमेरिकेतून 1930 च्या दशकात मोबील बंदरातून आल्या आणि आता सगळीकडे आहेत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट नेहमी बरोबर ठेवा.

कॅम्डनहून पलीकडच्या जीझ बेंड या खेड्याला जायला अलाबामा नदीवर फेरीबोट आहे. रस्त्याने गेलं तर चाळीसेक मैलांचा वळसा. 1962 साली, जीझ बेंडचे कृष्णवर्णीय लोक मतदार नोंदणीसाठी कॅम्डनला येऊ लागले तेव्हा ही फेरी बंद झाली, ती 2006 पर्यंत सुरू झाली नाही. आता ती बॅटरीवर चालते. नदीला पाणी चढलं किंवा वारा असला तर सुटत नाही, म्हणून आधी फोन करायचा. जीझ बेंडच्या बायकांच्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या होत्या. जुन्या कामाच्या पँटींचे, विटलेले तुकडे, आणि रेघ मुद्दाम वाकडी. मी माल गुंडाळून नेते त्या गोधड्या व्हॅनमधून काढताना जरा संकोचच वाटला.

मिसिसिपीत कॉसिउस्कोजवळ एका अंगणात निळ्या बाटल्यांचं झाड होतं: वाळलेल्या सीडरच्या फांद्यांवर उपड्या बाटल्या. दुष्ट शक्ती निळ्या रंगाला भुलून आत शिरतात आणि सकाळच्या उन्हात संपतात असा समज. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आलेली चाल. ‘तुमच्याकडे काय करतात?’ असं त्या काकांनी विचारलं. लिंबू-मिरची सांगितली. ‘आठवड्याला बदलायची? मग बाटलीच परवडली,’ म्हणाले.

तिथून टुपेलोकडे जाताना फोनवरचा नकाशा सारखा नॅचेझ ट्रेस पार्कवेवर ढकलत होता. रस्ता देखणा आहे, पण धंद्याच्या मालवाहतुकीला तिथे मनाई आहे, आणि माझ्या व्हॅनच्या दारावर दुकानाचं नाव रंगवलेलं आहे. स्टार्कव्हिलवरून गेले. रात्री मोटेलवाले पटेलकाका म्हणाले, ‘बेन, माटला बनवता का? माठ?’ बनवत नाही. त्यांना पटलं नाही.

पैशाचं सांगायचं तर पोचवणावळ वेगळी लावा, फुकट कधीच नाही. 2025 साली आयकर खात्याचा धंद्याच्या प्रवासाचा दर मैलामागे 70 सेंट होता. मी तोच धरते, वर उभारणीचे तासावर पैसे, आणि एका दिशेची गिऱ्हाइकं जमली की मैल वाटून टाकते. मैलांची वही रोजच्या रोज लिहायची.

जानेवारीत पाऊस लागून राहिल्यावर सेल्माकडच्या आजीबाईंना लेव्हल लावून फोटो पाठवायला सांगितला. बुडबुडा रेघेला टेकला होता, बाहेर नव्हता. हात लावू नका म्हटलं. ‘हात कोण लावतंय,’ म्हणाल्या, ‘पण वरचं ते निळं बोंड माझ्या मुलाला कांदा वाटतं. त्याजागी कोंबडा मिळेल?’ कोंबडा पुढच्या ऑक्टोबरात जाईल. भोक अर्ध्या इंचाचंच ठेवलंय.