जनसुनावणीत खाडीची बाजू मांडताना

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यालगत एका रासायनिक कारखान्याचा विस्तार होणार आहे, हे मला वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेतून कळलं. मी भांडुपची, त्यामुळे खाडी रोजच्या पाहण्यातली. अशा प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची २००६ ची अधिसूचना आहे, तिच्याप्रमाणे जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. तेवढ्यात कंपनीचा पर्यावरणीय परिणामांवरचा जाडजूड इंग्रजी अहवाल वाचायचा होता. मराठी सारांशही मिळतो, पण त्यावर थांबू नका, परिशिष्टं उघडा.

तिथल्या पक्ष्यांच्या तक्त्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नव्हताच! पाहणीची तारीख शोधली, तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा. रोहित पक्षी खाडीत येतात साधारण नोव्हेंबरपासून आणि मेपर्यंत राहतात. पावसाळा सोडून कुठल्याही एका ऋतूतली माहिती नियमाला चालते. म्हणजे कागद बिनचूक, आणि ज्यांच्यासाठी २०१५ मध्ये अभयारण्य झालं, तेच पक्षी गायब. मला संताप आला.

हरकतीत प्रत्येक मुद्द्यापुढे पान आणि तक्ता क्रमांक लिहिला. सांडपाणी ओहोटीला चिखलावर साचलं तर लहान रोहित ही फ्लेमिंगोची जात ज्यावर जगते त्या शेवाळाचं काय? २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला, त्याचा उल्लेख का नाही? हिवाळ्यात पुन्हा पक्षीगणना करा, ही मुख्य मागणी. अर्ज देऊन शिक्क्याची पोच घेतली.

सुनावणीला सगळ्यात ठाम बोलल्या त्या कोळीवाड्यातल्या मावशी. निवट्या (चिखलातले मासे) कुठे मिळायच्या, खेकडे कुठून हटले, भरतीचं पाणी कुठवर चढतं, सगळं त्यांनी जागेच्या नावांसकट सांगितलं. अहवालात यातलं काहीच नव्हतं. कंपनीचे सल्लागार इंग्रजीत उत्तर देऊ लागले तेव्हा सभागृहानं मराठीचा आग्रह धरला, आणि अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्यांनी तो मान्य केला.

शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात. निम्मे लोक तोवर उठून जातात, आणि नेमकं तेव्हाच थांबायला हवं. आमच्या हरकतीचं तिथे ‘पक्ष्यांबाबत चिंता व्यक्त केली’ एवढंच झालं होतं. मी आणि मावशी उभ्या राहिलो. ऑक्टोबरची पाहणी, हिवाळी गणनेची मागणी आणि मासेमारीच्या जागा शब्दशः लिहून घेतल्यावरच बसलो.

आता अंतिम अहवालात कंपनीला या मुद्द्यांची उत्तरं द्यावी लागतील, मगच प्रकरण तज्ज्ञ समितीपुढे जाईल. तो अहवाल आला की इतिवृत्ताची प्रत शेजारी ठेवून आम्ही पानन् पान ताडून पाहणार आहोत.