करड्या कॅसेटी

घरी येणाऱ्यांचं लक्ष पुस्तकांच्या कपाटातल्या करड्या कॅसेटींकडे हमखास जातं. कव्हर नाही, छापील नाव नाही, पेनाने लिहिलेली दोन अक्षरं. या अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या हिप-हॉप मिक्सटेप आहेत, डीजेने दुसऱ्यांची गाणी आणि ठेके जुळवून भरलेल्या टेप, असं मी सांगतो आणि पुढचा प्रश्न येतो: "म्हणजे दुसऱ्यांची गाणी घेऊन त्यावर आपलं काम? ही तर चोरीच झाली!" मागच्या महिन्यात मित्राच्या वडिलांनी हेच विचारलं. चहा संपला तरी माझं सांगणं संपेना, म्हणून उरलेलं इथे लिहितो.

हे संगीत कंपन्यांच्या हाती लागायच्या आधीपासून कॅसेटवर होतं. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, सिंडी कॅम्पबेलने शाळेच्या नव्या कपड्यांचे पैसे जमवायला पार्टी ठेवली. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ बसला, कूल हर्क. गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा घ्यायचा आणि त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेयरवर ठेवून तो लांबवत न्यायचा, ही त्याची युक्ती. पुढची काही वर्षं अशा पार्ट्या कोणीतरी टेप करायचं, त्या टेपवरून दुसरी टेप निघायची, आणि ती भाड्याच्या गाड्यांत, शाळांच्या आवारात वाजायची. ब्रॉन्क्सचाच दुसरा डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश तर गिऱ्हाइकाच्या नावाने खास टेप बनवून द्यायचा, दर मिनिटाला एक डॉलर.

मग 1979 मध्ये रॅपचं पहिलं मोठं खपलेलं गाणं आलं, 'रॅपर्स डिलाइट'. ते म्हणणाऱ्या तिघांपैकी एक, हँक, न्यू जर्सीत पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. तिथे तो ब्रॉन्क्सचा रॅपर ग्रँडमास्टर कॅझ याची टेप लावून तिच्याबरोबर म्हणत होता, ते निर्माती सिल्व्हिया रॉबिन्सनने ऐकलं आणि त्याला घेतलं. हँकने शब्दही कॅझचेच वापरले. इतके जसेच्या तसे, की कॅझने स्वतःच्या 'कॅसानोव्हा' या टोपणनावाची अक्षरं एकेक करून म्हटलेली ओळसुद्धा हँकच्या तोंडी राहिली. कॅझचं नाव रेकॉर्डवर आलं नाही. चोरीचा विषय निघाला की मला आधी ही रेकॉर्ड आठवते. तिच्यावर कंपनीचा शिक्का होता, ती दुकानात रीतसर विकली जात होती.

दुसऱ्याच्या ठेक्यावर आपले शब्द बसवणं आपल्याला खरं तर परकं नाही. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचं नाव छापलेलं असतं. सिनेमाच्या चालीवरच्या आरत्या आणि भीमगीतं आपण ऐकत मोठे झालो. ऐकणाऱ्याला मूळ चाल माहीत आहे, हे इथे गृहीतच असतं. गंमत त्यातच आहे: ओळखीच्या चालीवर हा आता काय म्हणतोय?

मी ह्यूस्टनला चार वर्षं नोकरीला होतो. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने एका संध्याकाळी गाडीत एक टेप लावली. मला वाटलं, टेप अडकतेय. गाणं खोल पाण्यातून आल्यासारखं, आवाज जाड, शब्द लांबलेले. ती ह्यूस्टनच्याच डीजे स्क्रूची टेप होती. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेयरवर, एक दुसरीपेक्षा किंचित मागे. मधला खटका इकडून तिकडे सरकवून तो शब्द तोडायचा, परत आणायचा, आणि मग सगळ्याचाच वेग उतरवून शंभर मिनिटांच्या करड्या मॅक्सेल कॅसेटवर भरायचा. शहराच्या दक्षिण भागातल्या, साऊथ साइडच्या, त्याच्या घराच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागायची. मित्र गाण्यांची यादी घेऊन यायचे, कोणाचा वाढदिवस असेल तर टेपवर त्याचं नाव घेतलं जायचं, ठेक्यावर तिथल्या तिथे शब्द जुळवले जायचे. 1996 च्या जूनमधला असा एक प्रसंग अर्ध्या तासाहून जास्त चालला आहे, आणि शहर तो अजून पाठ म्हणतं. गावाकडच्या बाजारपेठेत आम्ही साठची कोरी कॅसेट आणि यादी देऊन गाणी भरून घ्यायचो, ते मला त्या गाडीत आठवलं होतं. आमचा दुकानदार यादी उतरवायचा. स्क्रू तीच गाणी आतून बदलायचा.

16 नोव्हेंबर 2000 ला तो गेला, 29 वर्षांचा होता. कोडीनने, खोकल्याच्या औषधातल्या नशेच्या द्रव्याने, घात केला. त्याच्या रेकॉर्डचा मोठा साठा आज ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवला आहे.

आता कायद्याचं. परवानगी न घेता विकलेली टेप कायद्यात बसत नाही, हे मी मान्य करतो. पण कंपन्यांना तिचा फायदा हवा होता. नव्या गायकांची गाणी डीजेंच्या हातात त्यांचीच माणसं आणून ठेवायची. नऊ गोळ्या लागल्यावर कंपनीने सोडून दिलेला रॅपर '50 सेंट' 2002 मध्ये दुसऱ्यांच्या ठेक्यांवरच्या मिक्सटेप करूनच परत उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अल्बमच्या आठवड्याभरात आठ लाखांवर प्रती गेल्या. रॅपर लिल वेनने अशा कित्येक टेप फुकट वाटल्या. 2008 च्या त्याच्या अल्बमने पहिल्या आठवड्यात दहा लाखांचा आकडा ओलांडला.

तरीही 16 जानेवारी 2007 ला अटलांटात मिक्सटेप काढणाऱ्या डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर धाड पडली. वेनची गाजलेली टेप 'डेडिकेशन 2' याच ड्रामाबरोबरची. त्याला आणि त्याचा साथीदार डॉन कॅननला पोलिसांनी पकडलं, 81,000 सीडी उचलल्या, आणि गुन्हेगारी टोळ्यांसाठी केलेलं कलम लावलं. रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची माणसं धाडीत हजर होती. त्याच कंपन्यांचे गायक ड्रामाच्या टेपवर यायला धडपडत होते! मला याचा आजही राग येतो. अनेक दुकानांनी त्यानंतर टेप ठेवणं बंद केलं आणि सगळा पसारा डेटपिफसारख्या वेबसाइटवर गेला, जिथे त्या फुकट उतरवून घेता यायच्या.

मित्राच्या वडिलांना मी शेवटी 'टायलर, द क्रिएटर' या रॅपरचा 2021 चा अल्बम लावून दिला. तो मुद्दाम ड्रामाच्या मिक्सटेपच्या थाटात बांधलाय. गाण्यांच्या मध्ये, गाण्यांवरून, एक माणूस सतत ओरडत असतो. "हा कोण मध्येच?" काकांनी विचारलं. म्हटलं, हाच तो धाडीतला ड्रामा. आणि 2022 मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळालं. काकांनी आवाज थोडा वाढवायला सांगितला.