शपथ तासाभराची, अडकलो साडेतीन महिने: ओकलंडचा अनुभव आणि पुढच्यांसाठी थोडं

आधीच सांगते, हे त्यांच्यासाठी आहे ज्यांचा एन-४००, म्हणजे अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज, भरून झालाय आणि जे आता इंटरव्ह्यूची नाहीतर शपथेच्या नोटिशीची वाट बघतायत. पाच वर्षं भरली का, टॅक्स वेळेवर गेले का, भारतात कधी किती दिवस होतात याची यादी, हे सगळं तुमचं झालेलं असणार असं धरून चालते. मला सांगायचंय ते शपथेनंतरचं. ते मला कोणीही नीट सांगितलं नाही, आणि जे सांगितलं ते चुकीचं निघालं.

आमच्या ओळखीतले एक काका आहेत, त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी नागरिकत्व घेतलं. ते म्हणाले, "अगं काही नाही, तासाभराचं काम. शपथ घे, आठवड्यात पासपोर्ट येतो, गणपतीला आरामात पोचशील." त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं, पण त्या भरवशावर आम्ही २० ऑगस्टची तिघांची तिकिटं काढली. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते, शपथ जुलैच्या मध्यावर, म्हणजे हातात पाच आठवडे. वाटलं भरपूर झाले. अजिबात नाही झाले.

इंटरव्ह्यूचं पटकन सांगून टाकते कारण त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोला, सॅन्सम स्ट्रीटवर. ऑफिसर बाई शांत होत्या, शंभर प्रश्नांतले दहापर्यंत विचारतात, सहा बरोबर आले की थांबतात, माझे पहिले सहा बरोबर आले आणि तिथेच संपलं. एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं. पण हे मी जानेवारीत अर्ज भरला म्हणून. ज्यांनी २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर भरलाय त्यांना नवी परीक्षा आहे, १२८ प्रश्नांची यादी, २० पर्यंत विचारणार, १२ बरोबर हवेत. जुन्या यादीवर अभ्यास करून जाऊ नका. ऑनलाइन अर्जाचे ७१० डॉलर, कागदावर भरलात तर ७६०, त्यामुळे कागदावर भरायचं काही कारण नाही.

इंटरव्ह्यूत एकच गोष्ट लक्ष देऊन करा, ती म्हणजे नाव. आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, मग इथे कुठे ते मिडल नेम होतं, कुठे पहिलं नावच दोन शब्दांचं होतं, लायसन्सवर एक आणि ग्रीन कार्डवर दुसरं. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर नाव कसं छापून येणार ते ऑफिसर तिथे दाखवतात, तेव्हा एकेक अक्षर वाचा. नाव बदलायचंच असेल तर तेही या अर्जातूनच होतं, पण मग शपथ कोर्टात न्यायाधीशांसमोर घ्यावी लागते आणि तारखेला वेळ लागू शकतो. मी बदललं नाही. नवऱ्याचं नाव मध्ये तसंच ठेवलं, कारण पुढे भारताच्या कागदांशी जुळवायचं होतं, आणि तो निर्णय बरोबर ठरला.

शपथेची नोटीस येते ती एन-४४५. तिच्या मागच्या बाजूला प्रश्न असतात, इंटरव्ह्यूनंतर देशाबाहेर गेलात का, लग्न किंवा घटस्फोट झाला का, कुठला गुन्हा, अटक, ट्रॅफिकचं तिकीट वगैरे. हे शपथेच्या दिवशीच भरायचं असतं, आदल्या आठवड्यात नाही. आम्ही मधल्या काळात दोन दिवस व्हँकुव्हरला जाऊन आलो होतो. मला एका मैत्रिणीने सांगितलं सगळीकडे नो लिही, कोण बघतंय, उगाच अडकशील. कृपा करून असं करू नका. मी येस लिहिलं, तारखा लिहिल्या, टेबलावरच्या माणसाने विचारलं कुठे गेला होतात, किती दिवस, आणि पुढे जा म्हणाला, पुरतं अर्धं मिनिटही गेलं नाही. तिथे खोटं लिहून सही केलीत तर ते आयुष्यभर तुमच्या फायलीत राहणार.

शपथ ओकलंडच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये होती. फ्रिमाँटवरून जाणाऱ्यांनी गाडी नेऊच नका, बार्टची, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेची, ऑरेंज लाइन सरळ १९थ स्ट्रीटला उतरवते, पाऊण तास, स्टेशनमधून वर आलात की थिएटर समोरच. १९३१ चं बांधकाम आहे, आतून फार देखणं, पण ते बघायला वेळ मिळत नाही कारण रांग. नोटिशीत दिलेल्या वेळेच्या आधी पाऊण तास पोचा आणि काहीतरी खाऊन जा, मी उपाशी गेले आणि नंतर डोकं गरगरत होतं. शपथ घेणारे खाली, घरचे वर बाल्कनीत, म्हणजे लहान मूल असेल तर कोणीतरी दुसरं माणूस बरोबर हवंच.

ग्रीन कार्ड दारातल्या टेबलावर घेतात. हे मला माहीत होतं, तरी हात थांबला. नऊ वर्षं ते कार्ड पर्समधल्या त्याच कप्प्यात होतं, कोपरा थोडा पांढरा पडला होता, विमानतळावर दर वेळी आधी ते चाचपून बघायचं ही सवय. बाईंनी ते घेतलं, नाव तपासलं आणि मागच्या गठ्ठ्यावर ठेवलं, रबर बँड लावलेला गठ्ठा, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्यानंतर माझ्याकडे कुठल्याच देशाचं चालणारं कार्ड नव्हतं, आणि हीच सगळ्या गोष्टीतली मेख आहे, पुढे सांगते.

शपथेचे शब्द घरी वाचून जा. आधी वाचले नाहीत तर तिथे माइकवरून तुकड्या तुकड्याने येतात आणि आपण नुसते मागे म्हणत जातो. मी आदल्या रात्री बसून त्याचा मराठीत अर्थ लावला. त्यात आधी ज्या देशाचे, ज्या राज्यकर्त्याचे नागरिक होतात त्याच्याबद्दलची सगळी निष्ठा पूर्णपणे सोडतो असं म्हणायचं असतं, तेही अगदी पहिल्याच वाक्यात. हे मोठ्याने म्हणताना काय वाटतं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण पहिल्यांदा तिथे उभं राहून कळू नये. एकेका देशाचं नाव घेतात आणि त्या देशाची माणसं उभी राहतात. इंडिया म्हटल्यावर आमच्या रांगेतले जवळजवळ निम्मे उठले. माझ्या शेजारी साठीच्या पुढच्या गुजराती बा होत्या, त्यांनी माझा हात धरला तो शपथ संपेपर्यंत सोडला नाही. आम्ही एकमेकींना नावही विचारलं नाही.

मग सर्टिफिकेट देतात रांगेने. तिथेच, खुर्चीत बसून, नाव, जन्मतारीख, उंची, सगळं वाचा, चूक असेल तर दारातून बाहेर पडायच्या आधी सांगा. नंतर दुरुस्तीला वेगळा अर्ज आणि महिनोन्‌महिने. आणि घरी आल्या आल्या सर्वात पहिलं काम, फोनने फोटो नाही, नीट कलर स्कॅन, दोन्ही बाजू, आणि पाच-सहा कॉपी.

आता मेख. शपथ घेतली त्या क्षणी ग्रीन कार्ड गेलं. आणि भारताच्या नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलंत की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, त्यामुळे घरात भारतीय पासपोर्ट आहे, त्याची मुदत २०३१ पर्यंत आहे, पण तो वापरायचा नाही. वापरून प्रवास केलात तर दंड आहे. अमेरिकन पासपोर्ट अजून यायचाय. म्हणजे तुम्ही देशाबाहेर पाऊल टाकू शकत नाही, अगदी घरचं कोणी आजारी पडलं तरी. हे लोक का सांगत नाहीत मला खरंच कळत नाही. बाकीचं सगळं सांगतात, कपडे काय घालायचे, झेंडा मिळतो, आणि हे सांगत नाहीत.

पासपोर्टचा अर्ज डीएस-११, अर्ज घेणाऱ्या ऑफिसात हजर राहूनच करावा लागतो, पोस्टाने पाठवून चालत नाही. फॉर्म एका बाजूला प्रिंट करा आणि सही घरी करू नका, त्यांच्यासमोर करायची असते. आमच्या आसपास अपॉइंटमेंट अडीच आठवड्यांनंतरची मिळाली, तिथेच माझे पाच आठवडे अर्धे झाले. म्हणून शपथेची नोटीस हातात पडली त्याच दिवशी अपॉइंटमेंट घेऊन ठेवा, शपथेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची, शपथ पुढे गेली तर रद्द करता येते. पासपोर्टचे १३० डॉलर आणि अर्ज घेणाऱ्या ऑफिसचे ३५ डॉलर वेगवेगळे भरायचे, १३० चा चेक किंवा मनी ऑर्डर लागते, तिथे कार्ड चालत नाही, घाईचे ६० वर. आणि मूळ सर्टिफिकेट त्यांना द्यावं लागतं. हो, मूळ. ते पासपोर्टबरोबर येत नाही, नंतर वेगळ्या पाकिटात येतं, माझं नऊ दिवसांनी आलं. ते नऊ दिवस मी रोज पोस्टमनची वाट बघत होते.

मुलगी बारा वर्षांची, जन्म पुण्याचा, ग्रीन कार्ड होतं. आई किंवा वडील नागरिक झाले आणि अठराच्या आतलं मूल ग्रीन कार्डवर त्यांच्याकडे राहत असेल तर ते मूलही आपोआप नागरिक होतं, शपथ घ्यावी लागत नाही. पण तिचा पासपोर्ट माझ्याच सर्टिफिकेटवर निघणार, त्यामुळे दोघींचे अर्ज एकाच अपॉइंटमेंटला करा, नाहीतर तुमचं सर्टिफिकेट परत येईपर्यंत तिचं थांबतं. सोळाच्या आतल्या मुलासाठी आई-वडील दोघांनी हजर राहायचं.

पासपोर्ट आला २२ ऑगस्टला. विमान २० ला गेलं होतं. आणि समजा १५ ला आला असता तरी उपयोग नव्हता, कारण अमेरिकन पासपोर्टवर भारतात जायला व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) लागतं, ते हातात पासपोर्ट आल्यावरच सुरू होतं. नवऱ्याचा नंबर अजून लागलेला नाही, त्याचा भारतीय पासपोर्ट चालतो, तो एकटा गेला. आमच्या दोघींची तिकिटं पुढे ढकलायला सहाशे डॉलर गेले. संगमेश्वरच्या घरातली आरती आम्ही दोघींनी रात्री फोनवर बघितली, सासूबाईंनी फोन टेकवून ठेवला होता तांब्याला, त्यामुळे अर्धा गणपती आणि अर्धी समई एवढंच दिसत होतं. मुलगी रडली. मला तेवढ्यासाठी हे सगळं लिहायचं होतं.

खरंच तातडी असेल तर एक मार्ग आहे, पासपोर्ट एजन्सी, म्हणजे सरकारचंच पासपोर्ट ऑफिस, प्रवास १४ दिवसांच्या आत असेल, किंवा व्हिसा काढायचा असेल तर २८ दिवसांच्या आत, तर फोन करून अपॉइंटमेंट मागता येते. मला हे उशिरा कळलं आणि मग मिळाली नाही. तुम्ही आधीपासून लक्षात ठेवा.

पुढे आधी भारतीय नागरिकत्व सोडल्याचं, म्हणजे रिनन्सिएशन, मग ओसीआय. ओसीआयचे २७५ डॉलर. यात लुटणारे भरपूर बसलेत. एका एजंटने मला फक्त फॉर्म भरून द्यायचे साडेचारशे सांगितले, सरकारी फी वेगळी. देऊ नका, एकाही पैशाचं काम नाही त्यात, फॉर्म कंटाळवाणा आहे, अवघड नाही. फोटो चौकोनी, सहीची इमेज रुंदीला उंचीच्या तिप्पट, एवढं जमलं की अपलोड होतं. दुसरी लूट नोटरीची. काही कागदांवर नोटरी लागते, मी कुरियरच्या दुकानात गेले, त्याने एका सहीचे ४० घेतले, चार सह्या, १६० डॉलर. नंतर कळलं कॅलिफोर्नियात नोटरीला एका सहीमागे जास्तीत जास्त १५ घेता येतात, कायद्यानेच. परत गेले, त्याला दाखवलं, तो म्हणाला ती सर्व्हिस फी आहे. दर आधी विचारा आणि १५ च्या वर सांगितला तर उठून दुसरीकडे जा. बँकेत खातं असेल तर बऱ्याच ठिकाणी फुकट करून देतात.

जुना भारतीय पासपोर्ट कॅन्सलचा शिक्का मारून परत येतो, टाकू नका. आणि गावच्या जमिनीचं बरेच जण विचारतात म्हणून, ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने आली तर सातबाऱ्यावर नाव लागतं. मतदान नाही.

माझं स्पष्ट मत, शपथेच्या तारखेपासून चार महिने भारताचं तिकीट काढू नका. घरी कोणी फार म्हातारं किंवा आजारी असेल तर आधी जाऊन भेटून या आणि मग शपथ घ्या, तारीख एकदा पुढे ढकलून मागता येते, लेखी कारण द्यायचं. वारंवार नका टाळू, पण एकदा मागायला घाबरू नका. मला हे कोणी सांगितलं असतं तर मी सप्टेंबरची तारीख मागितली असती.

ओसीआय नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. दिवाळीही हुकलीच. त्याच रात्री डिसेंबरची तिकिटं काढली आणि नऊ वाजता फोन लावला, तिकडे सकाळचे साडेदहा. सासूबाईंनी तारीख विचारली नाही, पहिलं हेच विचारलं, "हातात आलंय ना गो, की येणारे अजून?" म्हटलं हातात आहे आई, दोघींचं.