परवान्याच्या खिडकीसमोर

रविवार, रात्री.

फदवा तुकान यांचे आत्मकथन आज वाचून संपवले. मूळ अरबी पुस्तक १९८५ चे. मी वाचला तो इंग्रजी अनुवाद. पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘डोंगरी प्रवास, खडतर प्रवास’ असा आहे. एबाल आणि गरिझीम या दोन डोंगरांच्या बेचक्यात वसलेल्या नाब्लुसमध्ये १९१७ साली जन्मलेल्या या पॅलेस्टिनी कवयित्रीला असे नाव सुचावे, याचे नवल वाटत नाही.

शाळेच्या वाटेवर कुणा मुलाने पाठवलेले जाई-मोगऱ्याच्या जातीचे एक फूल हाती आले, ते एका भावाला कळले आणि तेवढ्यावरून तिची शाळा कायमची सुटली. पुढे बैरूतहून शिकून परतलेल्या इब्राहिम या दुसऱ्या भावाने तिला घरीच कविता शिकवली. ते स्वतः नामवंत कवी. धड्यासाठी त्यांनी निवडलेली पहिली कविता म्हणजे एका स्त्रीने आपल्या भावाच्या मृत्यूवर केलेला विलाप होता, आणि १९४१ मध्ये इब्राहिम ऐन पस्तिशीत गेल्यावर तोच विलाप फदवांच्या वाट्याला आला.

यानंतरचा प्रसंग मी दोनदा वाचला. इब्राहिमची जागा आता तू घे, देशासाठी कविता लिही, असा आग्रह वडिलांनी धरला. जिला उंबरा ओलांडायची मुभा नाही, पुरुषांच्या बैठकीतली चर्चा जिच्या कानावर पडत नाही, तिने राजकीय कविता लिहायची तरी कशाच्या बळावर, हा फदवांचा सवाल होता. देशाच्या स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या घरातच मुलीला कोंडून ठेवले जाते, ही विसंगती त्यांनी कोणताही आव न आणता मांडली आहे. मानवी हक्कांवरच्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा मला ही पाने अधिक मोलाची वाटतात. वडील १९४८ मध्ये वारले, त्याच वर्षी इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात लाखो पॅलेस्टिनी निर्वासित झाले, आणि त्या पडझडीत नाब्लुसच्या बायकांचे पडदेही हळूहळू गळून पडले. अशा दुर्दैवी वर्षाने स्त्रियांना थोडी मोकळीक द्यावी, हे लिहितानाही अवघडल्यासारखे होते.

१९६७ मध्ये इस्रायलने नाब्लुस ताब्यात घेतले, तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या. जॉर्डन नदीवरच्या ॲलनबी पुलाशी परवान्याच्या खिडकीसमोर रणरणत्या उन्हात ताटकळत उभ्या असलेल्या माणसांवर त्यांची एक कविता आहे. पलीकडे जाऊ द्या म्हणून करावी लागणारी याचना आणि वर झेलावे लागणारे इस्रायली सैनिकांचे अपमानाचे शब्द तिच्यात येतात, आणि अखेरीस कवयित्री आपल्या मनात दाटून आलेल्या द्वेषाची उघड कबुली देते. आतले प्रेम यांनी मारून टाकले, असा तिचा आक्रोश आहे. शांततेवरच्या कवितांच्या संकलनात घ्यायला ही कविता अनेकांना अडचणीची वाटेल. मी मात्र तीच आधी घेईन, कारण रांगेत उभे करून माणसाच्या मनाचे काय केले जाते, हे तिच्यात जराही गुळगुळीत न करता सांगितले आहे.

दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनींचा दुसरा उठाव, चालू असतानाच, १२ डिसेंबर २००३ रोजी, नाब्लुसमध्ये त्या वारल्या. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर तेव्हाही तपासणी नाकी होती, आणि त्यांच्यासमोर माणसांच्या रांगा.